सोललेले छत

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीतील लोकांनी आपल्याच इमारतीची छते सोलली. आमच्या घरातील छत सोलायला ते आले, तेव्हा दार मी उघडून दिले. ही दोन वाक्ये लागोपाठ लिहिता येण्यासाठी मला बराच काळ लागला, कारण पहिल्या वाक्यातील माणसांवर रागावणे सोपे होते आणि तेवढेच करून थांबावे असा मोह मला अनेक दिवस होत राहिला.

आम्ही सानपाड्याला राहतो, आई आणि मी. तळमजला आणि वर तीन मजले अशा जुन्या धाटणीच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर आहे. हे शहर खरोखरच नवे होते, गिरगावातले नातेवाईक ‘तिकडे माणसे राहतात का?’ असे विचारत, त्या काळात वडिलांनी हे घर घेतले. वडील गेल्यावर घरात आम्ही दोघी उरलो. मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी केली, लग्न केले नाही, आणि निवृत्त झाल्यानंतर, जे लिहायचे ते इतरांनी केव्हाच लिहून ठेवले आहे हे पुरेपूर ठाऊक असताना, लिहायला बसले. बोलण्याची सवय मला कधीच नव्हती. ग्रंथालयात तिच्यावाचून काही अडले नाही.

आईचे वय ब्याऐंशी. काचबिंदूने तिची दृष्टी कडेकडेने कुरतडत नेली आणि आता उजेड व अंधार एवढाच फरक तिला कळतो. असे असूनही घरातील सोलण्याचे सगळे काम तिच्याकडे होते. लसूण, मटार, उकडलेले बटाटे, कोळंबी, आणि या सर्वांच्या वर मानाचे स्थान असलेले कडवे वाल. ती मूळची अलिबागकडची. वाल भिजवून, उपसून, फडक्यात बांधून त्यांना मोड आले की ते कोमट पाण्यात टाकून ती स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्चीवर बसे. अंगठा आणि तर्जनी यांच्या मध्ये दाणा धरून ती असा काही दाब देई की टरफल बोटांत राही आणि डाळिंबी न दुभंगता पातेल्यात पडे. मी मदतीला बसले की माझ्या वाट्याच्या निम्म्या डाळिंब्या फुटत.

‘तू तिकडे पुस्तकांवरच्या चिठ्ठ्या सोलत होतीस ना?’ ती विचारी. जुन्या पुस्तकांच्या पाठीवरील क्रमांकाच्या चिठ्ठ्या ओल्या फडक्याने भिजवून, खालच्या कापडाला धक्का न लावता मी सोलत असे, आणि त्या कौशल्याचा मला गुप्त अभिमान होता. आईला तो माहीत होता.

‘हो.’

‘मग वाल म्हणजे चिठ्ठी समज. त्यावर नंबर नाही म्हणून अडलंय का तुझं?’

घरात आई हाताने चालत असे. बैठकीच्या खोलीतून निघाली की तिचा उजवा तळवा भिंतीवरून सरकत जाई. स्विचबोर्ड, मग कॅलेंडरचा खिळा, मग छातीच्या उंचीवर एक फुगवटा. खाडीची ओली हवा आमच्याकडे कुठलाच रंग टिकू देत नाही. त्या जागी ओल धरून गिलावा पुरीएवढा फुगला होता आणि वर्षानुवर्षे तसाच राहिला होता. त्यावर हात पडला की आई डावीकडे वळून स्वयंपाकघरात जाई. न वळता सरळ गेले तर न्हाणीघर, आणि त्याला एक पायरी खाली. दोन वेळा मी रंगाऱ्याला बोलावले आणि दोन्ही वेळा आईने त्याला चहा पाजून परत धाडले. ‘ही भिंत माझी वाचायची आहे,’ ती म्हणाली, ‘बघायची तुम्ही बाकीच्या बघा.’

इमारत पाडून नवी बांधायची, ही चर्चा सोसायटीत सुरू झाली तेव्हा तिने मला जवळ बोलावून एकदाच काय ते सांगितले. ‘मला इथे दिसत नाही, एवढंच. दुसऱ्या घरात मी आंधळी होईन. माझं झालं की मग तुम्ही काय वाटेल ते पाडा.’

पलीकडच्या सेक्टरमधील अशीच एक इमारत पाडली गेली होती आणि तिथली कुटुंबे कामोठ्याला भाड्याने राहायला गेली होती. ती अजून तिथेच आहेत. बाजारात त्यांच्यापैकी कोणी भेटले की ‘यंदा नक्की’ असे म्हणतात. आईकडे असे यंदा फार उरलेले नव्हते, हे मला कळत होते.

मात्र इतरांनाही घरे लहान पडत होती, हे मी नाकारत नाही. आमच्या खालच्या घरात राहणारी बाई आईची जवळची मैत्रीण. तिच्या दोन खोल्यांत ती, नवरा, सासू आणि दोन मोठे मुलगे. थोरल्याचे लग्न जागेपायी दोनदा जमता जमता मोडले होते. ती दुपारी वर येऊन आईशेजारी बसे आणि वाल सोलता सोलता म्हणे, ‘आजी, नवीन बिल्डिंग झाली ना, की एक रूम फक्त माझी. आत कोणी यायचं नाही.’ आई म्हणे, ‘मला घेशील का?’ ‘तुम्हाला घेईन. बाकी कोणाला नाय.’

प्रथम एक अभियंते इमारत तपासायला आले. त्यांच्या हातात लहानशी हातोडी होती. भिंतींवर आणि खांबांवर ते ती हलकेच वाजवत आणि कान देऊन ऐकत. भरीव ठिकाणी आवाज खणखणीत येई आणि पोकळ ठिकाणी बद्द. आईला हा माणूस फार आवडला. ‘हा माझ्यासारखाच आहे,’ ती म्हणाली. पुढे त्यांचा अहवाल आला. ओल आहे, गिलावा काही ठिकाणी सुटला आहे, परंतु सांगाडा भक्कम आहे. दुरुस्ती पुरेशी आहे, पाडण्याची गरज नाही.

सोसायटीत हा अहवाल वाचून जे दुःख पसरले, ते मी विसरणार नाही. आपले घर भक्कम आहे हे ऐकून इतकी माणसे खचलेली मी पाहिली नव्हती. दुसरा अहवाल मागवायचे ठरले आणि तोवर इमारत ‘दिसायला हवी’ असेही ठरले. सोसायटीच्या ग्रुपवर छतांची छायाचित्रे येऊ लागली. आमच्या बेडरूमचे पोपडे बघा. हे काहीच नाही, आमच्या बाथरूमचे बघा. ज्यांनी दोन वर्षांपूर्वी हौसेने खोटे छत बसवून त्यात निळे दिवे लावले होते, त्यांनी ते काढून टाकले, कारण त्याच्यामुळे वरचे पोपडे दिसत नव्हते. ज्यांच्याकडे पोपडे नव्हते त्यांची स्थिती लाजिरवाणी झाली. नात्यातल्या लग्नात अंगावर दागिना नसावा तशी.

रविवारी सकाळी इमारतीच्या खाली, गाड्या लावतात तिथे खुर्च्या मांडून सभा झाली. सोसायटीचे सेक्रेटरी बँकेत अधिकारी आहेत. अत्यंत सौम्य माणूस, कोणाला अरेतुरे करत नाहीत.

‘कोणी काही तोडायचं नाहीये,’ ते म्हणाले. ‘लूज झालेलं आहे ते फक्त काढून घ्यायचं. आत जे आहे ते वर दिसलं पाहिजे, बस. आपल्याला काय खोटं करायचंय का?’

‘नाय, नाय,’ लोक म्हणाले.

मी घरून एक वाक्य तयार करून आणले होते. ‘ज्या घरात वयोवृद्ध व दृष्टिहीन व्यक्ती आहे, त्या घराचा अपवाद करावा.’ ते मी जिन्यावर चार वेळा म्हणून पाहिले होते. बोलण्याची परवानगी मागावी म्हणून मी हात वर केला. पूर्ण नव्हे, कोपरापर्यंत. नेमक्या त्याच क्षणी सेक्रेटरी म्हणाले, ‘तर मग ज्यांची संमती आहे त्यांनी हात वर करा,’ आणि माझ्या आजूबाजूला हातांचे रान उगवले. त्यांनी मोजणी केली. माझ्याकडे पाहून हसले. ‘मॅडमचा पण हात आहे. थँक यू, मॅडम.’

तो हात खाली घेऊन मला उभे राहता आले असते. वाक्य तयारच होते. मी हात खाली घेतला आणि ओढणी सारखी केली. वर आल्यावर आईने विचारले, ‘बोललीस का?’ मी म्हणाले, ‘विषय निघालाच नाही.’ हे माझे पहिले खोटे.

आयुष्यभर मी माझ्या भिडस्तपणाला सभ्यता समजत आले. लहानपणी एक मास्तर ‘सोलून काढीन’ अशी धमकी देत आणि वर्गातील मुले त्यांच्या पाठीमागे हसत. मी मात्र ती धमकी शब्दशः घेत असे, रात्री स्वतःच्या दंडावरून हात फिरवून कातडी कुठून सुटेल ते पाहत असे. माझ्या मौनाचे मूळ तिथे असावे, असे मी पुष्कळ वर्षे मानले आणि त्याबद्दल स्वतःवर माया केली. आता त्या मायेचा मला संताप येतो. त्या वर्गातली दुसरी मुले मोठी होऊन बोलायला शिकली. मी शिकले नाही, कारण न बोलणाऱ्याला लोक चांगला म्हणतात आणि मला चांगले म्हणवून घ्यायचे होते.

चार दिवसांनी दुपारी बेल वाजली. दारात सेक्रेटरी, तिसऱ्या मजल्यावरचे एक सदस्य, आणि छिन्नी-हातोडी घेतलेला एक कामगार. आई तिच्या खुर्चीवर वाल सोलत बसली होती. तिला मी बाहेरच्या खोलीत नेऊन बसवले.

‘कोण आलंय?’

‘रंगवाले. माप घ्यायला.’

‘परत पाठव.’

‘नुसतं माप घेतायत, आई. थोडं ठोकून बघतील.’

स्वयंपाकघरात कामगार स्टुलावर चढला. त्याने छतावर हातोडी वाजवली आणि आवाज खणखणीत आला. तो सेक्रेटरींकडे बघू लागला. ‘लूज नाही आहे, साहेब.’

‘अरे, असेल कुठेतरी. मार ना.’

त्याने मारले. लूज नसलेला गिलावा सुटायला वेळ घेतो. तो ढलप्याढलप्यांनी निघत होता, ओट्यावर, भांड्यांवर, वालांच्या पातेल्यात पडत होता, आणि मी पातेले उचलून बाजूला न ठेवता दाराला पाठ लावून उभी होते. परातीएवढे छत उघडे झाले. आतल्या सळया दिसू लागल्या. त्या काळ्या, स्वच्छ, घट्ट होत्या.

‘सळई तर चांगली आहे,’ कामगार म्हणाला.

‘फोटोत काय कळतं?’ तिसऱ्या मजल्यावरचे सदस्य म्हणाले. ‘मॅडम, एक करा. कपड्यांना इस्त्रीच्या वेळी मारतो ना आपण, तो स्प्रे. त्यात पाणी आणि थोडं मीठ. रोज सकाळी एकदा. आठ दिवसांत मस्त लाल होतील.’

‘बरं,’ मी म्हणाले. मी ‘बरं’ म्हणाले. हे पुन्हा लिहिते, कारण हे वाचून ज्यांना त्यांचाच राग येईल त्यांनी माझाही करावा.

जाता जाता बाहेरच्या बाजूला, स्वयंपाकघराच्या दारासमोरच्या भिंतीवर, त्यांना तो फुगवटा दिसला. ‘हे बघा, इकडे खरं लूज आहे,’ सेक्रेटरी उत्साहाने म्हणाले. कामगाराला हातोडीसुद्धा लागली नाही. त्याने छिन्नीचे टोक खाली घालून उचलले आणि पुरी जशी ताटात उतरावी तसा तो फुगवटा त्याच्या हातावर आला. माझ्या तोंडून ‘अहो’ एवढेच निघाले.

‘काय मॅडम?’

‘काही नाही.’

त्या संध्याकाळी आईला मी हाताला धरूनच नेले-आणले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टुलावर उभी राहून सळयांवर मिठाचे पाणी मारत होते. आईला फवाऱ्याचा आवाज ऐकू आला.

‘काय शिंपडतेस गं?’

‘झाडांना पाणी.’

‘स्वयंपाकघरात कुठलं झाड?’

ती उठली, हे मला ऐकू आले. मी स्टुलावरून उतरायला लागले, परंतु घाईत नव्हे, कारण हातातली बाटली तिला कळू नये म्हणून मला आधी ती लपवायची होती. आईचा हात भिंतीवरून आला. स्विचबोर्ड, खिळा, आणि मग काहीच नाही. तिथे आता खडबडीत खळगा होता, जो तिच्या तळव्याने पूर्वी कधी वाचला नव्हता. तिला वाटले अजून यायचे आहे. ती आणखी दोन पावले सरळ गेली आणि न्हाणीघराच्या पायरीवरून खाली पडली.

उजवे मनगट मोडले. खालच्या घरातली बाई धावत आली. तिच्या थोरल्या मुलाने आईला खुर्चीसकट उचलून दोन जिने उतरवले आणि रिक्षात बसवले. आई वेदनेत होती, पण रडत नव्हती. रिक्षा मोराज चौकाकडे वळली तेव्हा ती एवढेच म्हणाली, ‘भिंत कुठे गेली?’

मनगट प्लास्टरमध्ये बांधले गेले आणि भिंत वाचणारा हातच अडकल्याने आई पलंगाला खिळली. मी तिला सांगितले नाही. दररोज सकाळी आज सांगेन असे ठरवून मी चहा करत होते आणि डोक्यावर उघड्या सळया होत्या. मिठाचे पाणी मी पुन्हा मारले नाही, पण एका दिवसाचेही पुरले. त्यांवर तांबूस झाक दिसू लागली होती.

आठवड्याने सेक्रेटरी मोसंबी घेऊन भेटायला आले. बराच वेळ त्यांनी आईच्या प्रकृतीची चौकशी केली आणि ती मनापासून होती, हे मला सांगितलेच पाहिजे. या माणसात दुष्टपणा शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे. तो सापडला असता तर माझे काम सोपे झाले असते. मग त्यांनी पिशवीतून एक टाइप केलेले पत्र काढले आणि आवाज खाली आणला.

‘मॅडम, वाईट मानू नका. पण झालंच आहे, तर त्याचा सोसायटीला उपयोग होऊ दे. फक्त सही करायची.’

पत्रात लिहिले होते की स्वयंपाकघरातील छताचा भाग कोसळून घरातील ज्येष्ठ महिला गंभीर जखमी झाली असून रहिवाशांच्या जिवास धोका आहे.

‘मोठ्याने वाचा,’ आतल्या खोलीतून आईचा आवाज आला. ‘मला दिसत नाही, ऐकू येतं.’

त्यांनी वाचले. ते काय करणार. आईने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

‘माझ्या अंगावर काही पडलं नाही हो. मी पडले.’

‘आजी, एकच ना ते.’

‘एकच कसं? तुमची बँक बुडाली आणि तुम्ही पाण्यात बुडालात, हे एकच का?’

सेक्रेटरी हसले. आई हसली नाही. ‘भिंतीला काय झालं होतं, ते लिहिलंय का त्यात? तिथे माझा फुगवटा होता.’

आता सेक्रेटरी माझ्याकडे पाहू लागले आणि त्यांच्या लक्षात आले. माणसाला एखादी गोष्ट समजते तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरून जे सरकून जाते, ते मी अगदी जवळून पाहिले. सौम्यपणा तसाच राहिला, फक्त त्याखाली काय आहे ते क्षणभर उघडे पडले.

‘आजींना सांगितलं नाही तुम्ही?’ ते कुजबुजले. ‘हरकत नाही. आमच्याकडून पण कळणार नाही. सही करून टाका, विषय संपला.’

मी म्हणाले, ‘वाचून देते.’ संतापाने माझे कान तापले होते आणि तोंडून निघाले ते हे. ग्रंथालयात येणाऱ्याला मी हेच सांगत असे, ‘वाचून द्या.’

ते गेल्यावर मी आईच्या पलंगाशी उभी राहिले आणि सांगितले. सभेतला हात सांगितला, रंगवाले सांगितले, झाडांचे पाणी सांगितले. ती छताकडे तोंड करून पडली होती.

‘फुगवटा कोणी काढला?’

‘त्यांनी. मी समोर उभी होते.’

‘बोललीस काही?’

‘अहो, म्हणाले.’

‘अहो,’ ती म्हणाली. माझ्या साऱ्या शिक्षणाची, साऱ्या सुसंस्कृतपणाची एवढी अचूक किंमत कोणी केली नव्हती. त्यानंतर ती माझ्याशी बोलायची थांबली. माझ्याकडून भरवून घ्यायचीही थांबली. खालच्या घरातली बाई दोन्ही वेळा वर येऊन तिला भरवू लागली. मी ताट वाढून द्यायचे आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसायचे. ‘आजी, अबोला किती दिवस?’ ती बाई विचारी. ‘एवढी शिकलेली मुलगी आहे, चुकली असेल.’ आई म्हणे, ‘न शिकलेली असती तर ओरडली असती. भात दे.’

प्लास्टर कापले त्या दिवशी हात बाहेर आला तो आईचा वाटेना. बारीक, पांढरट, आणि वर मेलेल्या कातडीचा जाड थर. डॉक्टरांनी कोमट पाण्यात बुडवून तेल लावायला सांगितले होते. घरी आल्यावर मी घमेल्यात पाणी घेऊन तिच्यासमोर बसले आणि तिने हात पुढे केला. माझ्याकडे नव्हे, पाण्याकडे. कातडी भिजून तिचे पातळ पापुद्रे सुटू लागले. एक पापुद्रा अर्ध्यावर अडकला होता. मी तो ओढू लागले.

‘ओढू नकोस,’ आई म्हणाली. ‘सुटेल तेवढीच काढ.’

कित्येक दिवसांनी ती माझ्याशी बोलली होती. मी मान खाली घालून सुटेल तेवढीच काढत राहिले. तेव्हा मला रडू आले असते तर ते शोभले असते. परंतु मला आला तो पुन्हा रागच, आणि या वेळी तो पोटात न राहता पायांत उतरला. मी उठले, हात पुसले, आणि गवंडी शोधायला बाहेर पडले.

गवंडी इथल्याच जुन्या गावातला, साठीचा माणूस. स्वयंपाकघरात येऊन त्याने वर पाहिले आणि कमरेवर हात ठेवले.

‘ताई, हा पडलेला नाय. हा पाडलेला हाय. कोनी पाडला?’

‘आम्हीच,’ मी म्हणाले.

‘कनाला?’

‘इमारत धोकादायक दिसावी म्हणून.’

‘हितं आमचा भात व्हायचा,’ तो म्हणाला. ‘हे तुमचे बिल्डिंगीचे जागेला. जमीन खरवडली तवा आमी नको नको बोलत व्हतो. तुमी सोताच खरवडता.’ त्याने सळया तारेच्या ब्रशने घासल्या, त्यांवर रसायन लावले आणि गिलावा चढवला. बाहेरच्या भिंतीवरचा खळगाही भरला. तिथे पूर्वीसारखा उंचवटा करून देऊ का, असे मी आईला विचारले.

‘खोटा नको,’ ती म्हणाली. ‘आता डाव्या हाताने शिकते. कॅलेंडरच्या खिळ्यानंतर किती पावलं, ते मोजायला ये. आणि हळू मोज.’

दुसरे अभियंते आले तेव्हा त्यांच्यासोबत सारी कमिटी होती. घरोघरी उघडी छते आणि लाल सळया पाहत ते आमच्याकडे पोचले. आमच्या स्वयंपाकघरात करड्या रंगाचा ताजा गिलावा होता.

‘मॅडमनी घाईघाईत करून घेतलं, साहेब,’ सेक्रेटरी म्हणाले. ‘आजी पडल्या ना, त्या घाबरल्या. नाहीतर सगळ्या सळया बाहेर आल्या होत्या.’

या वेळी माझ्याजवळ तयार वाक्य नव्हते. ‘ते आम्ही छिन्नीने काढलं होतं,’ मी म्हणाले. आवाज चिरकला. ‘पडलं नव्हतं. हातोडी मारली तर खणखणीत वाजत होतं. सळया काळ्या होत्या. त्यांच्यावर मिठाचं पाणी मी स्वतः मारलं. आईच्या अंगावर काही कोसळलेलं नाही. तुमच्याकडे तसं पत्र आलं, तर त्यावर माझी सही नसेल.’

अभियंता तरुण होता. त्याने लिहिणे थांबवले. ‘बाकीच्या घरांतही असंच आहे का?’

मला आमच्या घरापुरते बोलून थांबता आले असते. ‘हो,’ मी म्हणाले.

दुसरा अहवालही दुरुस्तीचाच आला. त्या संध्याकाळी मला सोसायटीच्या ग्रुपमधून काढून टाकण्यात आले. जिन्यात माणसे भिंतीकडे सरकून मला वाट देतात. गणपतीत आरतीचे बोलावणे आले नाही. आमच्याशिवाय कोणीही छत भरून घेतलेले नाही. तिसऱ्या अहवालाची वाट पाहत लोक सोललेल्या छताखाली स्वयंपाक करतात आणि झोपतात, आणि आता त्यांच्या सळया खरोखरच गंजत आहेत. मी हे त्यांना पत्र लिहून कळवले. उत्तर आले नाही.

खालच्या घरातली बाई मात्र येत राहिली. आईजवळ बसे, बोलत नसे फारसे. मागच्या आठवड्यात मी भाजी घेऊन वर येत होते, तेव्हा ती तिच्या दारात उभी होती. मागे बाहेरच्या खोलीत तिच्या सासूचा पलंग, त्याच्या पायथ्याशी धाकट्याची गुंडाळलेली गादी. थोरल्याचे तिसरे स्थळ परत गेल्याचे आईने मला सकाळीच सांगितले होते.

‘ताई, एक विचारू?’ ती म्हणाली. ‘तुम्ही खरं बोललात. मला मान्य आहे. पण खरं बोलून तुम्हाला जे पाहिजे तेच झालं. माझं काय?’

‘दुरुस्ती झाली की ओल जाईल,’ मी म्हणाले. फार पोकळ बोलले, हे माझे मलाच ऐकू आले.

‘ओल नाही हो. जागा. माझा मुलगा चौतीसचा झाला.’ तिचा आवाज चढला नाही, पण तिच्या मानेची शीर मला दिसत होती. ‘आजी मला आईसारख्या आहेत. मी हाताने भरवलंय त्यांना. म्हणून विचारते. आता आम्ही काय करायचं, त्या जायची वाट बघायची?’

तिने भरवलेले सगळे घास मला आठवत होते. थोरल्याने खुर्चीसकट आईला उतरवले तो जिना हाच होता. ‘तसं नाही हो’ असे म्हणण्याची माझ्या जिभेला पन्नास वर्षांची सवय होती आणि ते शब्द ओठांपर्यंत आलेही होते. वर आमच्या घरात आई डाव्या हाताने भिंत चाचपत मोठ्याने पावले मोजत असल्याचा आवाज येत होता. सहा, सात.

‘हो,’ मी म्हणाले. ‘वाट बघायची.’

तिने माझ्याकडे पाहिले आणि दार लावून घेतले. आपटले नाही, लावले. त्या दिवसापासून ती वर आलेली नाही. आईने दोनदा विचारले आणि दोन्ही वेळा मी जे घडले तेच सांगितले, माझ्या शब्दासकट. आयुष्यात मी कोणाला इतके वाईट बोलले नव्हते. तो शब्द मी मागे घेतलेला नाही.